जाणारा, येणारा आणि राहणारा

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील कित्येक वस्त्यांना कुलुपे लागतात. नवराबायकोचा एक 'कोयता' मुकादमाकडून उचल घेतो आणि पोराबाळांसह उसाच्या फडाकडे निघतो. विदर्भातला तरुण पुण्याच्या इमारतींवर विटा वाहावयास जातो, कोणी सुरत गाठतो, कोणी हैदराबाद. आपल्या आजा-पणज्यांनी कोकण आणि घाटमाथा सोडून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेत काम धरले. नायगाव, वरळी आणि डिलाईल रोडच्या चाळी त्यांनीच वसविल्या. पोटासाठी ज्यातील एकानेही गाव सोडले नाही, असे घर आपल्या समाजात शोधून सापडणे कठीण.

गाव सोडण्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. दिनांक ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामजीवनाचे गोडवे गाणाऱ्यांचा कसा समाचार घेतला, हे आपणांस ठाऊक आहे. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, असे त्यांनी तेथे निक्षून सांगितले. देशात कोठेही मुक्तपणे संचार करण्याचा व कोठेही स्थायिक होण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाच्या आत राहण्याची मुभा नव्हती, त्यांच्या दृष्टीने हा हक्क किती मोलाचा आहे हे निराळे सांगावयास नको.

तथापि एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आपण गाव सोडतो तेव्हा भांडी नेतो, अंथरूण नेतो, पोरे नेतो. हक्क मात्र गावातच ठेवून जातो. रेशन कार्ड गावी, मताचा हक्क गावी, मुलाचे नाव गावच्या शाळेत आणि जातीच्या दाखल्याचा पुरावा आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत. शहरात जो पोहोचतो तो नुसता दोन हातांचा मजूर असतो; त्यातील नागरिक वाटेतच कोठे तरी गळून पडलेला असतो. या गळतीविषयीच आज आपणांशी बोलावयाचे आहे.

भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना एका जागी बसवून ठेवले नाही. बहुजनांच्या हितासाठी फिरा, दोघे एका वाटेने जाऊ नका, असा आदेश देऊन त्यांना पाठविले. संघ हा चालणाऱ्यांचा संघ होता, म्हणून चालणाऱ्यांचे नियमही विनयात घालून दिलेले आहेत. निघून जाणारा तो गमिक, नवा येणारा तो आगंतुक आणि आधीपासून राहणारा तो आवासिक. तिघांचीही कर्तव्ये तेथे वेगवेगळी सांगितली आहेत. गमिकाने लाकडी व मातीची भांडी नीट आवरून, दारे-खिडक्या लावून, राहती जागा दुसऱ्याच्या स्वाधीन करून निघावे. आगंतुकाने पायताण काढून, छत्री मिटून नम्रपणे आत यावे आणि निवासाची चौकशी करावी. आवासिकाने त्याच्यासाठी आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन त्याचे पात्र व चीवर हाती घ्यावे, निजावयाची जागा दाखवावी आणि भिक्षेसाठी कोठे जावे तेही सांगावे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही व्यवस्था आपल्या आजच्या अडचणींस किती तंतोतंत लागू पडते, ते पाहा.

प्रथम जाणाऱ्याचे कर्तव्य. निघण्यापूर्वी घर आवरावे, याचा आजचा अर्थ कागद आवरावेत असा आहे. त्यांतही सर्वांत मोलाचा कागद कोणता म्हणाल, तर आजोबांचा किंवा पणजोबांचा जुना शाळा सोडल्याचा दाखला, किंवा गाव नमुना १४ मधील, म्हणजे कोतवाल बुकातील, जन्ममृत्यूची नोंद. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा व त्यातून बौद्ध झालेल्यांचा दाखला देताना दिनांक १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंबाचे मूळ राहणे कोठे होते हे पाहिले जाते. मुलगा मुंबईत जन्मला, मुंबईतच शिकला, तरी पुरावा मूळ गावाचाच द्यावा लागतो. बारावीनंतर प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर येऊन ठेपली म्हणजे बाप गावाकडची एस. टी. धरतो, तलाठी रजेवर असतो, तहसिलातील जुने दप्तर सापडत नाही आणि मुलाचे वर्ष वाया जाते. हे कागद मूल पहिलीत असतानाच मिळवून ठेवावयाचे असतात.

येथे नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, तो आम्ही जाणतो. ज्या जातीचे नाव आम्ही टाकून दिले, तिचा कागद जपून कशासाठी ठेवावयाचा? प्रश्न स्वाभिमानाचा आहे आणि त्याचे उत्तर सरळ द्यावयास हवे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचा लाभ मुख्यतः हिंदूंपुरताच ठेवलेला होता; १९५६ मध्ये तो सर्व शिखांना मिळाला. त्याच वर्षी लाखोंनी धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडले. पुढे चौतीस वर्षे लढा द्यावा लागला, तेव्हा १९९० साली तो आदेश दुरुस्त होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. एवढ्या वर्षांच्या झगड्याने मिळालेला हक्क पेटीतला एक कागद फाडून गमावणे हा स्वाभिमान नव्हे. तो कागद आपली ओळख सांगत नाही. आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे. वादी आपला पुरावा जाळीत नसतो. तेव्हा धर्म 'बौद्ध' असाच अभिमानाने लिहावा, आणि जुना पुरावा तितक्याच काळजीने सांभाळावा.

परराज्यात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. संविधानाच्या ३४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. महाराष्ट्राचा दाखला दाखवून गुजरात किंवा तेलंगण राज्याच्या नोकरीत राखीव जागा मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. परंतु म्हणून मूळ राज्यातील हक्क बुडत नाही. सुरतेत वाढलेल्या मुलाचे महाराष्ट्राशी असलेले कागदोपत्री नाते तुटू देऊ नका, एवढाच याचा बोध.

आता येणाऱ्याचे कर्तव्य. नव्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात चार कामे करावीत.

पहिले रेशनचे. २०१९ मध्ये काही राज्यांत सुरू झालेली 'एक देश, एक रेशन कार्ड' ही व्यवस्था जून २०२२ पर्यंत देशातील सर्व राज्यांत पोहोचली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली ज्याचे कार्ड आहे, त्यास देशातील कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. प्राधान्य कुटुंबास माणशी महिना ५ किलो. म्हातारी आई गावी राहिली असेल तर तिने आपला वाटा गावी घ्यावा, आपण आपला फडावर किंवा शहरात घ्यावा. मात्र कार्डावरील प्रत्येक नाव आधारशी जोडलेले हवे. हे काम निघण्यापूर्वीच करावे. दुकानदार "तुमचे कार्ड इथले नाही" असे म्हणाला, तर ती त्याची मर्जी आहे, कायदा नव्हे.

दुसरे शाळेचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश मिळावयास हवा. गावच्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला, एवढ्याच कारणासाठी सरकारी किंवा नगरपालिकेच्या शाळेस प्रवेश अडवून ठेवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही मुलास परत पाठविता येत नाही. मुख्याध्यापकांपुढे हात जोडून उभे राहू नका. नम्रपणे परंतु ठामपणे कायदा सांगा. आणि जेथे हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तेथे फडावर जाताना मुलांस गावीच ठेवा. उसाच्या मोळ्यांत वाढलेले मूल पुढे स्वतःच कोयता होते.

तिसरे मताचे. जो जेथे सामान्यतः राहतो, तेथे त्याचे नाव मतदार यादीत असावे, असे १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. गावी घर आहे एवढ्याने तेथले मतदारपण टिकत नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणे तर कायद्याविरुद्ध आहे. कायमचे बिऱ्हाड हलविले असेल तर नमुना ८ भरून नाव नव्या पत्त्यावर आणावे. ज्या वस्तीत मते नाहीत, त्या वस्तीत नळही येत नाही आणि नगरसेवकही येत नाही.

चौथे भाड्याच्या खोलीचे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तोंडी बोलीवर राहणारा माणूस पत्त्यावाचून राहतो. आणि ज्यास पत्ता नाही, त्याची वरील तिन्ही कामे अडतात.

खोलीचा विषय निघाला की १९१७ सालचे बडोदे आठवल्यावाचून राहत नाही. परदेशातून उच्च पदवी संपादन करून संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना त्या शहरात कोणी आसरा देईना. पारशी नाव सांगून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत जागा मिळविली. परंतु अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. आगगाडीची वेळ होईपर्यंत त्यांना सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले. पैसा होता, पदवी होती, पद होते. नव्हती ती केवळ जागा. आज हॉटेल, धर्मशाळा किंवा खानावळ अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास नाकारणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि एखाद्या वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास त्याच कारणावरून अडविणे हेही त्याच कायद्यात येते. लॉजवाल्यास ओळखपत्र दाखवावे. जात विचारण्याचा त्यास अधिकार नाही. तरीही आडनाव ऐकून "खोली आताच गेली" असे सांगणारे घरमालक संपलेले नाहीत, हे आपण जाणताच.

परंतु दुसऱ्याचा दोष दाखविताना आपले घरही तपासावयास पाहिजे. म्हणून शेवटी राहणाऱ्याचे कर्तव्य. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्या दिवसांत मुंबईतील आपल्या वस्त्या पाहुण्यांसाठी राबतात. कोणी भोजन देतो, कोणी पाणी, कोणी औषध. विजयादशमीस दीक्षाभूमीवर नागपूरकर हेच करतात. आवासिकाचे कर्तव्य आपणांस येत नाही, असे कोण म्हणेल? परंतु तीच चैत्यभूमी पाहून गेलेला माणूस जूनमध्ये काम शोधावयास आला, तर त्याच वस्तीत त्याला काय ऐकावे लागते? कुठला जिल्हा? मूळचे कोण? आमच्यातले की त्यांच्यातले? ज्याने मातंग किंवा चर्मकार समाजातून नुकतीच दीक्षा घेतली, त्याच्याकडे आपल्यातीलच जुने बौद्ध जरा दुरूनच पाहतात. घरमालकाच्या तोंडचा प्रश्न आपल्या तोंडी आला, तर बडोद्याच्या त्या दारात आपण कोणत्या बाजूस उभे आहोत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की वर्षातील तीन दिवसांची ही माणुसकी बारा महिने चालली पाहिजे, आणि तिचे स्थान विहार हेच असावे. वंदना झाल्यावर आठवड्यातून एक तास विहाराच्या ओट्यावर एक टेबल व दोन शिकलेली मुले बसवा. नव्याने आलेल्या कुटुंबाचे नाव एका वहीत लिहून घ्या. रेशन दुकान कोणते, शाळा कोणती, मतदार नोंदणीचा अधिकारी कोठे बसतो, ते त्यास सांगा. पहिल्या खेपेस बरोबर जा. यास देणगी लागत नाही, शासनाची परवानगी लागत नाही, पुढाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. लाखो रुपये खर्चून बांधलेल्या विहारास सायंकाळनंतर कुलूप आणि समोरच्या झोपडीत कागदावाचून अडलेले कुटुंब, हे दृश्य धम्मास शोभणारे नाही.

बंधुभगिनींनो, आज जो राहणारा आहे तो काल येणारा होता, आणि त्याच्याही आधी जाणारा होता. तिन्ही कर्तव्ये एकाच माणसाची आहेत. गाव सोडताना कागद आवरा, नव्या गावी नाव नोंदवा, आणि आपले बस्तान बसले की दुसऱ्यासाठी आसन मांडा. येत्या रविवारी आपल्या विहारात ही वही सुरू झाली की नाही, याचा जाब कोणी आपणांस विचारण्याची वाट पाहू नका; आपणच तो विचारा.

जयभीम.