गाडीवानांचा अध्यक्ष

कामगारांच्या पुढाऱ्याचा धर्म विचारणारे भंडाऱ्याच्या बिडी कारखान्यांभोवती जसे भेटतात, तसेच ते एकोणिसाव्या शतकातील लिव्हरपूलमध्येही होते. वऱ्हाडचा कापूस याच बंदरात उतरे आणि गाडीवान तो गोदामांपर्यंत वाहून नेत. 1887 साली तेथील विल्यम क्विलियम या वकिलाने इस्लाम स्वीकारला, अब्दुल्ला हे नाव घेतले आणि 1889 च्या नाताळच्या दिवशी ब्रूम टेरेसमधील एका घरात मशीद उघडली. इंग्लंडातील अगदी आरंभीच्या मशिदींपैकी ही एक. अजान देणाऱ्यावर जमावाने दगड व चिखल फेकला. क्विलियम यांनी मात्र नाताळात गरिबांना धर्म न विचारता जेवू घातले व निराधार मुलांसाठी आश्रम काढला. सुदानवरील स्वारीत मुसलमानांनी मुसलमानांवर शस्त्र धरू नये, असे 1896 साली त्यांनी बजावले, तेव्हा त्यांच्यावर राजद्रोहाचा शिक्का बसला.

तरीही बंदरातील गाडीवानांच्या संघटनेने याच गृहस्थास अध्यक्ष केले. आणि हे गाडीवान बहुतांशी ख्रिस्ती होते. यात सर्वधर्मसमभावाचा उपदेश शोधण्याचे कारण नाही. मालकांशी भांडणारा, कायदा जाणणारा माणूस त्यांना हवा होता, तो मिळाला. प्रार्थना तो कोठे करतो, हा प्रश्न मजुरीच्या दराशी संबंधित नव्हता.

क्विलियम साधुपुरुष होते, असे मुळीच नाही. 1908 मध्ये ते शहर सोडून गेले, पुढल्याच वर्षी त्यांची सनदही गेली. मशीद बंद पडली. नगरपालिका त्या इमारतीत जन्ममृत्यूची नोंद करू लागली. तेथे पुन्हा नमाज होण्यास 2014 साल उजाडावे लागले.