माणगावच्या कचेरीसमोरचा नायक

जुलै लागला की आमच्या मुर्धा गावाकडची मिठागरे पावसाच्या पाण्याखाली जातात, आणि उत्तनच्या बसची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभा असता मला दरवर्षी १० जुलै १९४४ ही तारीख आठवते. त्या दिवशी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नायक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या अगदी जवळच्या माऱ्यात सापडली आणि नायकावाचून तीतील प्रत्येक जण ठार वा जायबंदी झाला. ते माघारी फिरते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. पण ते धावत पुढे गेले. हातगोळ्याने मशीनगन व ती चालविणारा, दोन्ही निकामी केली. दुसऱ्यास टॉमीगनने टिपले. आणि काडतुसांची पेटी बदलण्यास अवधी उरला नाही तेव्हा तीच टॉमीगन तापल्या नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्याने लोळविले. दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी देह ठेवला. वय २२.

व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती आला. देह आला नाही. ज्यांची कबर ज्ञात नाही अशा चार हजारांवर सैनिकांच्या कॅसिनो येथील नामावळीत त्यांचे नाव कोरलेले आहे.

‘तो साहेबाचा शिपाई, त्याचे आम्हांस काय?’ असे सुशिक्षित माणसेही बोलतात, तेव्हा मन विषण्ण होते. त्याच वर्षी इंफाळकडे झुंजलेल्या आझाद हिंद फौजेपुढे आपण मस्तक लववितो ते सर्वथा योग्यच. परंतु तेवढ्यासाठी इटलीत पडलेल्या ५,७००हून अधिक हिंदी जवानांची आठवण दप्तराबाहेर टाकावी, हे मला मान्य नाही. कोकणच्या तुटपुंज्या भातशेतीतून पलटणीत नाव घालणारा तरुण साम्राज्याचा कैवार घेऊन जात नसे, घरी धाडावयाच्या मनिऑर्डरीसाठी जात असे. आणि इटलीत ज्याच्याशी तो झुंजला ते सैन्य हिटलरचे होते.

इटलीतील मोंतोने या लहानशा गावाने २०२३ साली घाडग्यांच्या नावे सूर्यछायेचे घड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन वचन त्यावर आहे. परक्यांनी हे करावे आणि त्यांच्या पळसगाव-आंबडोशी या गावापासून फारशा दूर नसलेल्या आपल्या मुलांना त्यांचे नावही ठाऊक नसावे, ही गोष्ट मनास लागते.

त्यांचा पुतळा माणगावास मामलेदार कचेरीसमोर आहे. गणपतीस गोव्याच्या रस्त्याने गावी निघणाऱ्या मुर्धा, राई, मोर्व्याच्या कोकणी मंडळींची वाट माणगावावरूनच जाते. यंदा तेथे पाच मिनिटे गाडी थांबवा, मुलांना खाली उतरवा आणि हा कोण, ते त्यांना सांगा.