नियम खोलीला लावा

आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव आहे. यापुढे कोणत्याही सभासदाने आपली सदनिका अविवाहितांस, अथवा एका कुटुंबातील नसलेल्या व्यक्तींच्या गटास, भाड्याने देऊ नये, असा त्याचा आशय. ठराव एकमताने संमत झाला. अनुमोदक म्हणून त्याखाली माझी सही आहे. तो ठराव चुकीचा होता हे सांगण्यासाठी मी आज लिहीत आहे, आणि वसईतल्या अनेक सोसायट्यांच्या वह्यांत असेच ठराव पडून असल्यामुळे हे चार लोकांसमोर सांगणे मला आवश्यक वाटते.

ज्यांच्यावर तो ठराव झाला ते चार तरुण तिसऱ्या मजल्यावर राहत. दोघे पूर्वेकडील औद्योगिक वसाहतीत कामाला, एक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, चौथा परीक्षेचा अभ्यास करणारा. त्यांचे अपराध कोणते? दारात चपला पडलेल्या असत, कठड्यावर कपडे वाळत, आणि रात्री बारानंतर दार वाजे. दार वाजे, कारण दुसरी पाळी संपवून माणूस त्याच वेळी घरी येतो. पण हे आम्ही कोणी विचारले नाही. महिनाअखेर ते निमूटपणे निघून गेले. शांतता परत आली म्हणून आम्ही समाधान मानले.

पुढे काही महिन्यांनी एका वाडीत कामानिमित्त गेलो असता त्यांतील एक मुलगा भेटला. वर पत्रा, दहा बाय दहाची खोली, तीत सात जण. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. तीन खोल्यांना मिळून एक शौचकूप. वायर उघड्या लोंबकळत होत्या आणि गॅसची टाकी दाराशी, म्हणजे बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर, ठेवलेली. वाडीचे मालक आपल्याच धर्मग्रामातले, रविवारी मिस्सेला माझ्या पुढच्या बाकावर बसणारे. त्या खोलीविरुद्ध कोणीही, कधीही, कोठलाही ठराव केलेला नव्हता.

चांगल्या घरातून आम्ही चार माणसे काढली आणि ती वाईट घरात गेली. ज्या खोलीला नियमाची गरज होती तिला नियम लागला नाही, आणि ज्या माणसांनी काही केले नव्हते त्यांना लागला. माझे म्हणणे एवढेच आहे. ते अनेकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

सोसायटीच्या तक्रारी खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली; २०११च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. पाण्याची टाकी ठराविक कुटुंबे धरून बांधलेली असते; चार माणसांच्या सदनिकेत दलालाने बारा खाटा टाकल्या तर वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंच्या नळाला पाणी येत नाही. शोषखड्डा भरतो, जिना गाड्यांनी अडतो. मालक दूर कोठे तरी, दलाल फोन उचलत नाही, आणि शिव्याशाप मात्र बिचाऱ्या चिटणीसाला. तेव्हा नियम नकोत असे कोण म्हणेल? नियम हवेतच. प्रश्न आहे तो नियमाने काय मोजावे हा. खाटा मोजाव्यात की लग्ने?

कायदा या बाबतीत मुका नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५नुसार भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी, आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४च्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने देण्यास संस्थेची परवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी कळवायचे असते. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेऊ नये, असे शासनाने २००१ सालीच ठरवून दिले. भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवावी असे आदेशही वेळोवेळी निघतात. एवढे सारे हाताशी असताना आपण यांतले किती पाळतो? वाडीतल्या खोल्यांचे करार नोंदवणारे आपल्यात किती? कायद्याने सांगितलेले आपण करत नाही. जे त्याने सांगितलेले नाही, ते मात्र एकमताने संमत करतो.

आणि एकदा माणूस मोजायला सुरुवात झाली की तो कोठवर मोजावा याला सीमा राहत नाही. आज अविवाहित नको. उद्या अमुक प्रांताचा नको. परवा मांसमच्छी खाणारा नको. मुंबईत घर शोधताना आडनाव सांगितल्यावर किंवा स्वयंपाकघरात काय शिजते हे सांगितल्यावर दलालाचा आवाज कसा बदलतो, याचा अनुभव आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांना आहे. त्या वेळी आपल्याला अन्याय झाला असे वाटते, आणि ते योग्यच आहे. मग तोच दरवाजा आपण दुसऱ्याच्या तोंडावर लावतो तेव्हा तो शिस्तीचा कसा होतो?

ज्यांना 'एका कुटुंबातील नसलेल्यांचा गट' ही नवी आपत्ती वाटते, त्यांनी जरा मागे वळून पाहावे. मुंबईचे वैभव ज्यांच्या कष्टांवर उभे राहिले ती माणसे राहत कोठे? कोकणातून गिरणीत आलेला कामगार गावकऱ्यांच्या खोलीत राही. एका खोलीत वीसवीस जण, ट्रंका भिंतीशी, आणि पाळीप्रमाणे झोप. एक उठून कामाला गेला की त्याच जागी दुसरा पथारी पसरी. जेवण खानावळवाल्या बाईकडे. आणि आपल्याच धर्मबंधूंचे उदाहरण हवे असेल तर गोवेकरांचे क्लब पाहावेत. त्यांना ते 'कूड' म्हणत. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावाच्या नावाने असे क्लब उभे राहिले. धोबीतलावच्या जेर महल इमारतीत ते आजही आहेत. खलाशी, आचारी, वाजंत्री, नोकरीच्या शोधात आलेली पोरे नाममात्र वर्गणीवर तेथे उतरत. प्रत्येकाची एक पेटी, चटईपुरती जागा, भिंतीवर गावच्या पाठीराख्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ. आगबोटीवर नोकरी लागेपर्यंत छप्पर आणि परत आल्यावर पेटी ठेवायला जागा, एवढ्या बळावर किती घरे वर आली, किती बहिणींची लग्ने झाली! आजचा ठराव त्या काळी असता, तर यांतल्या एकालाही मुंबईत पाय ठेवता आला नसता.

यावर कोणी म्हणेल, कूड तरी सर्वांना कोठे खुली होती? ती एका गावच्या लोकांसाठीच होती, आणि तिचे नियमही कडक होते. हे खरे आहे. परंतु ज्यांना शहरात कोणी दार उघडत नव्हते त्यांनी आपल्यापुरते उघडलेले ते एक दार होते. संपूर्ण गल्लीला घातलेले कुंपण नव्हते. तिचे नियम तेथे राहणाऱ्यांनी स्वतःसाठी केलेले होते: अमुक वेळी आत या, जागा स्वच्छ ठेवा, दारू पिऊन भांडण नको. असे नियम आमच्या सोसायटीनेही खुशाल करावेत. रात्री अकरानंतर गोंगाट नको, हा नियम विवाहितालाही लागू होतो, अविवाहितालाही. किंबहुना आमच्या इमारतीत तो अधिक वेळा बारशांनी आणि हळदींनीच मोडला आहे!

दाटीवर इलाज म्हणून माणसे हुसकावण्याचा प्रयोग मुंबईने पूर्वी करून पाहिला आहे. १८९६ साली प्लेग आला. पुढे १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यात आले, हवा खेळू लागली. पण पाडलेल्या घरांतील गरीब माणूस नाहीसा झाला नाही. परवडेल असे घर नव्हते, म्हणून तो शेजारच्या वस्तीत शिरला आणि तेथील दाटी वाढली. दुसरी जागा न देता पहिली काढून घेतली की दाटी फक्त पत्ता बदलते.

परदेशातही असे निर्बंध आहेत, असा दाखला सभेत नेहमी दिला जातो. आहेत, पण दोन तऱ्हेचे आहेत. इंग्लंडमध्ये २००४च्या गृहनिर्माण कायद्यानुसार सामायिक भाड्याच्या घरांना परवाना लागतो, आणि १ ऑक्टोबर २०१८पासून दोन वा अधिक कुटुंबांतील पाच वा अधिक माणसे एकत्र राहत असतील, तर अशा जवळजवळ प्रत्येक घराला तो घ्यावा लागतो. एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फूट, हवे. हा खोलीचा नियम. उलट अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बेल टेर या लहानशा गावाने रक्ताचे, दत्तकाचे वा विवाहाचे नाते नसलेल्या दोनहून अधिक व्यक्तींनी एका घरात राहू नये, असा नियम केला. सहा विद्यार्थ्यांनी एक घर भाड्याने घेतले, तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७४ साली न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. हा माणसाचा नियम.

नाती मोजणारा असा नियम कोठवर जातो, हे लगेच दिसले. ओहायो राज्यातील ईस्ट क्लीव्हलँड शहराने 'कुटुंब' शब्दाची इतकी आखूड व्याख्या केली की इनेझ मूर या आजीने दोन मुलांचे दोन नातू एकाच घरात सांभाळणे गुन्हा ठरले. त्यांतल्या एका नातवाची आई वारली होती. त्या आजीला पाच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड सुनावण्यात आला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. आपल्याकडे काका, आत्या, मावसभाऊ, गावाकडून शिकायला आलेला भाचा यांनी घरे भरलेली असतात. कुटुंब कोणते हे ठरवण्याचा अधिकार चिटणीसाला द्यावा, असे आपल्यापैकी किती जण म्हणतील?

आता आपल्या देशाकडे येऊ. चंडीगढने पेइंग गेस्ट ठेवण्यासंबंधी २००६ सालीच नियम केले होते. तरीही २२ फेब्रुवारी २०२० रोजी तेथील एका नोंदणी नसलेल्या घराला आग लागून तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. नियम कागदावर असणे आणि कोणी तरी जिना चढून खोली पाहणे यांत किती अंतर असते, याची ती किंमत. बंगळूरच्या तत्कालीन महानगरपालिकेने २०२४ साली अशा निवासांसाठी दरमाणशी सत्तर चौरस फूट जागा आणि रोज १३५ लिटर पाणी अशी अट घातली. आकडा इंग्लंडच्या आकड्याशी जुळतो. माणसाला झोपायला किती जागा लागते, यावर दोन दूरच्या ठिकाणांचे एकमत व्हावे यात नवल ते काय?

तेव्हा माझ्या मागण्या तीन आहेत. महानगरपालिकेने खोल्या भाड्याने देणाऱ्या प्रत्येक घराची साधी, स्वस्त नोंदणी करावी. माणशी जागा, खिडकी, शौचकूप, वीजजोडणी आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट या गोष्टी वर्षातून एकदा प्रत्यक्ष पाहाव्यात. आणि त्रुटी आढळल्यास दंड मालकाला करावा, बिऱ्हाड रस्त्यावर टाकू नये. सोसायट्यांनी माणसांच्या संख्येवर टाकीच्या क्षमतेप्रमाणे मर्यादा घालावी, ती सर्वांना सारखी लावावी, आणि लग्न, आडनाव, ताट यांची चौकशी थांबवावी. तिसरी मागणी आपल्याच वाडीवाल्यांकडे आहे, आणि तीच सर्वांत कठीण. सात जणांकडून भाडे घेता, तर सात जणांची सोय करा. एक खिडकी फोडायला, एक शौचकूप वाढवायला, वायरमनला बोलवायला किती खर्च येतो? दोन महिन्यांच्या भाड्यात तो निघेल.

खोल्यांना नियम लावले तर भाडी वाढतील आणि गरिबाचे छप्पर जाईल, हा आक्षेप मला ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. म्हणूनच सदनिकांची दारे उघडणे आणि खोल्यांना नियम लावणे ही दोन्ही कामे बरोबरच व्हायला हवीत. दारे बंद ठेवून केवळ खोल्या तपासल्या, तर आपण इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचीच चूक पुन्हा करू. चार मुलांनी मिळून रीतसर सदनिका घेतली, तर पत्र्याखाली सात जणांनी राहण्याची गरज आपोआप कमी होते.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या सोसायटीचा तो ठराव मागे घ्यावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे. सूचक मीच आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. वाडीच्या मालकांनाही मी त्या गॅसच्या टाकीबद्दल बोललो. ते म्हणाले, पाहू. पुढच्या रविवारी ते पुन्हा माझ्या पुढच्या बाकावर असतील, आणि मी पुन्हा विचारणार आहे.