न टाकलेले मत उभ्या बाटलीला

गावात बिअर शॉपी आली की आमच्या मोहल्ल्यात ठरलेला प्रकार होतो. जुम्याच्या नमाजनंतर तावातावाची भाषणे होतात, तहसीलदाराला निवेदन जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो. फोटोत सगळे पुरुष! महिन्याभरात सारे थंड होते आणि शॉपीचे शटर मात्र रोज वेळेवर वर जाते. आमच्या गावातही हेच घडले. म्हणून आज आम्ही शॉपीवाल्याशी नव्हे, आपल्याच लोकांशी भांडायला बसलो आहोत.

दुकान राहावे की जावे, हे ठरवण्याचा मार्ग गावाला मिळालेला आहे. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार गावातील 25 टक्के मतदारांनी, किंवा नुसत्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज केला, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली तर दुकान बंद. पण इथे बहुमत मोजतात ते झालेल्या मतदानाचे नव्हे, यादीतल्या एकूण नावांचे. यादीत 1000 बायका असतील तर आडवीला निदान 501 मते हवीत. 480 जणींनी आडवीला आणि फक्त 20 जणींनी उभीला मत दिले, तरी दुकान चालूच राहणार. घरी बसलेल्या 500 जणींचे मत आपोआप उभ्या बाटलीला गेले म्हणायचे.

या बायकांना घरी कोण बसवते? आम्हीच! 'औरतों का वहाँ क्या काम?' हा सवाल आमच्याच ओट्यावर विचारला जातो. विधानसभेच्या निवडणुकीत मात्र याच बायकांना रिक्षा भरभरून केंद्रावर नेले जाते. उमेदवाराच्या रिक्षात पर्दा आड येत नाही, मग बाटली आडवी करतानाच तो का आड यावा? दारूचा मार जिच्या पाठीवर बसतो, जिच्या डब्यातले पैसे चोरीला जातात, तिच्या वतीने बोलायचे आम्ही. आणि तिने बोलायचे म्हटले की बेपर्दगी!

आणखी एक गोष्ट कबूल करतो. आमच्या गावचा अर्ज पडताळणीतच अडकला. यादीत नाव 'शेख रुखसाना बी', आधार कार्डावर 'रुखसाना शेख' आणि सही उर्दूत. अशी किती तरी नावे जुळेनात. आम्ही अधिकाऱ्यांच्या नावाने बोटे मोडली. पण त्यांतल्या कितीक जणी उर्दू शाळेत शिकलेल्या. आम्ही उस्तादांनी त्यांना सही करायला शिकवले, मतदार यादीत आपले नाव शोधायला शिकवले नाही. हा कसूर आमचा आहे.

आता गाळ्याविषयी. शॉपीचा गाळा आपल्यातल्याच एकाचा आहे. मशिदीच्या चंद्याची पहिली पावती त्याच्या नावाने फाटते, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. हदीसमध्ये दारूपायी दहा जणांवर लानत आहे. पिणारा त्यांतला एक. गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, हेही त्यांत आहेत. मदिन्यात मनाईचा हुकूम आला तेव्हा लोकांनी आपल्याच घरातली दारू गल्लीत ओतली. आम्ही मात्र भाडे खिशात ठेवून दुसऱ्याच्या दुकानासमोर घोषणा देतो.

'मशिदीजवळ दुकान नको' ही मागणीही आम्हाला तोकडी वाटते. मग चार गल्ल्या पलीकडे, बौद्धवाड्याशेजारी चालेल? तिथल्या बाईचा संसार काय संसार नव्हे? दारूबंदीची दिशा राज्यघटनेच्या 47 व्या कलमाने सगळ्यांसाठीच दाखवली आहे. हा प्रश्न केवळ मोहल्ल्याचा केला की आम्ही एकटे पडतो, आणि एकट्या मोहल्ल्याच्या मतांनी निम्मी यादी कधीच भरत नाही.

कोणी म्हणेल, दुकान गेले की चोरटी दारू येते. येते, हे खोटे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये आलेली बंदी 2021 मध्ये उठवताना सरकारने अवैध दारूचेच कारण दिले होते. पण त्यातून धडा एवढाच की बाटली आडवी केल्यावरही पहारा लागतो. आणि तो पहारा निवेदन देऊन घरी जाणाऱ्यांकडून होत नाही. ज्यांनी स्वतः जाऊन मत दिले, त्या बायकाच तो देतील.

म्हणून मोहल्ल्याच्या जमातीला आमचे सांगणे आहे : पुढच्या जुम्याला भाषण नको. मतदार यादी आणा, प्रत्येक घरातल्या बाईचे नाव तपासा, चुकलेले दुरुस्त करून घ्या. आपल्या बायकांना बौद्धवाड्यातल्या, मराठा आळीतल्या बायकांबरोबर एका अर्जावर सही करू द्या. गाळेवाल्याला भाडेकरार संपवायला सांगा; ऐकत नसेल तर त्याची पावती फाडू नका. एवढे होत नसेल तर निदान दारूला हराम म्हणत गावभर फिरणे तरी बंद करा. कारण आपल्या घरातली बाई मतदानाला गेली नाही, तर उभ्या बाटलीला मत आपणच दिलेले असेल.