साक्ष घ्यावी, निवाडा सोपवू नये

‘उद्योगांना बरोबर घेतल्याखेरीज हवामानाचा प्रश्न सुटणार नाही’, हे वाक्य आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा अर्थ विचारणेही असभ्यपणाचे वाटावे. तरीही तो विचारला पाहिजे. ‘बरोबर घेणे’ म्हणजे नेमके काय? भट्टी कशी चालते, धुराड्यातून काय बाहेर पडते, पर्यायी यंत्राला खर्च किती येतो, हे कारखानदाराला विचारणे? की धुराची मर्यादा किती असावी आणि ती कधीपासून लागू व्हावी, हे ठरवताना त्यालाच मेजाशी बसवणे? पहिली गोष्ट शहाणपणाची आहे. दुसरी गेली तीन दशके चालू आहे, आणि तिचे फळ आपण भोगीत आहोत.

हा आरोप निराधार नाही. १९८९ साली अमेरिकेत ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ हा उद्योगसंघ स्थापन झाला. तेल, कोळसा, वीज आणि मोटार या क्षेत्रांतील मातब्बर कंपन्या व त्यांच्या संघटना त्यात होत्या. १९९२च्या हवामान करारानंतर ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांत या संघाचे प्रतिनिधी हजर असत, आणि पृथ्वीच्या तापण्यास मनुष्य जबाबदार असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असे हा संघ जाहीरपणे सांगे. मात्र संघाच्याच तज्ज्ञांनी १९९५ साली सिद्ध केलेल्या अंतर्गत मसुद्यात, हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येण्याजोगा नाही, असे नमूद होते. हा कागद २००९ साली एका खटल्याच्या निमित्ताने उजेडात आला. मार्च २००१ मध्ये अमेरिकेने क्योटो करार नाकारला. त्याच वर्षी या संघाशी व्हावयाच्या भेटीसाठी परराष्ट्र खात्याने जे टिपण तयार केले, त्यात अध्यक्षांच्या निर्णयात संघाच्या मताचाही वाटा असल्याची कबुली आहे. २००२ साली, कार्यभाग साधला म्हणून, संघाने आपले दुकान आवरले.

हे शक्य झाले, त्याचे एक कारण सभेच्या नियमांत आहे. १९९५ साली बर्लिन येथे पहिली परिषद भरली, तेव्हा मतदानाच्या नियमावर एकमत झाले नाही. ते आजतागायत झालेले नाही. महत्त्वाचे निर्णय म्हणून सर्वसंमतीनेच होतात. अशा सभेत ज्याला काहीच होऊ द्यावयाचे नाही, त्याला बहुमत जुळवण्याचे कष्ट पडत नाहीत. एखाददुसऱ्या सरकारचा हात धरला की पुरते.

विरोध मावळला, तरी नियमांची घडण विक्रेत्याच्या सोयीची झाली की काय घडते, याचे उदाहरण आमच्या वडोदऱ्याच्या वाचकांना दूर शोधावे लागणार नाही. शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात शीतकरणाचा वायू बनवणारा एक कारखाना आहे. त्या प्रक्रियेत एचएफसी-२३ हा वायू आपसूक निघतो. क्योटो कराराच्या हिशेबात त्याचा एक टन म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड. कराराच्या ‘स्वच्छ विकास यंत्रणे’खाली २००५ साली हा प्रकल्प नोंदला गेला: वायू जाळावा आणि त्या पुण्याची प्रमाणपत्रे परदेशी विकावीत. कारखान्याने कोणताही नियम मोडला नाही. दोष नियमाचाच होता. मायकेल वारा यांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये हिशेब मांडला, की जगभर अशा प्रकल्पांना २०१२पर्यंत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांची किंमत सुमारे ४७० कोटी युरो होती, आणि वायू जाळण्याचा खरा खर्च १० कोटी युरोंहूनही कमी. अखेर २०१३ साली युरोपने ही प्रमाणपत्रे नाकारली आणि २०१६ साली भारत सरकारने वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश कारखान्यांना दिला. जे एका आदेशाने साधले, त्यासाठी तोवर बाजार मांडला गेला होता.

यावर ओझोन कराराचा दाखला दिला जातो, आणि तो रास्त आहे. निर्बंधांना वर्षानुवर्षे विरोध करणाऱ्या ड्यू पाँट कंपनीने १९८८ मध्ये सीएफसीचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले, आणि पुढे त्या कराराच्या तांत्रिक समित्यांत उद्योगांतील तज्ज्ञांनी मोलाचे काम केले. पण क्रम ध्यानात घ्यावा. मॉन्ट्रियलचा करार १९८७ साली झाला, घोषणा त्यानंतरची. सरकारांनी आधी दिशा ठरवली, मग जाणकारांना वाट विचारली.

दुसरा दाखला तंबाखूचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला तंबाखू नियंत्रणाचा करार २००५ साली अमलात आला. तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून आरोग्यधोरणाचे रक्षण करावे, असे त्याचे कलम ५.३ बजावते. भारतही या करारात आहे. हवामान करारात असे कलम नाही. २०२३ साली दुबईच्या परिषदेचे अध्यक्षपद अबुधाबीच्या सरकारी तेलकंपनीच्या प्रमुखाकडे होते. खनिज इंधनांच्या हितसंबंधांशी निगडित २,४५६ व्यक्तींना तेथे प्रवेश मिळाला, अशी मोजणी स्वयंसेवी संस्थांच्या आघाडीने केली; बाकूला २०२४ साली हा आकडा १,७७३ होता. दुबईच्या ठरावात खनिज इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख तरी आला; २०२५च्या बेलेम परिषदेच्या मुख्य ठरावात इंधनांचे नावही नाही.

‘सरकारेच तेल-कोळशाची मालक आहेत, मग बाहेर काढणार कोणाला?’ असा खोचक प्रश्न येतो. तंबाखू कराराच्या मार्गदर्शक सूचनांनी त्याचे उत्तर २००८ सालीच दिले आहे: सरकारी मालकीच्या उद्योगाला खाजगी उद्योगासारखेच वागवावे आणि त्याच्या प्रतिनिधींना शिष्टमंडळात घेऊ नये. कोळशाची मोठी कंपनी पदरी असलेल्या आपल्या देशालाही हा नियम जाचेल. जाचू द्यावा. जो नियम फक्त दुसऱ्याला जाचतो, त्याला नियम म्हणत नाहीत.

संस्थानी कारभारात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या आपल्या घरांना हे नव्याने सांगावे लागू नये. मक्तेदाराला कचेरीत बोलवावे, त्याचे म्हणणे टिपून घ्यावे, हिशेब तपासावा. पण मक्त्याच्या अटी लिहिण्याची वेळ आली, की त्याला बाहेरच्या ओसरीवर थांबवावे. यात त्याचा अपमान नाही. दौलत ज्यांची आहे त्यांचे रक्षण आहे. आणि ही दौलत तर अजून जन्मालाही न आलेल्यांची आहे.