सही केली म्हणजे हक्क विकला नाही

हेदवीच्या एका वाडीतील तरुणाने कर्जावर रिक्षा घेतली. दोन हप्ते थकताच चार दांडगट आले, प्रवासी खाली उतरवले आणि रिक्षा घेऊन गेले. त्याने आमच्यापुढे करार ठेवला. सगळा मजकूर इंग्रजीत आणि प्रत्येक पानाखाली त्याची सही. "वकीलसाहेब, सहीच केली, आता काय बोलणार?"

याच रत्नागिरी जिल्ह्यात खोताच्या कबुलायतीवर कुळांचे अंगठे उमटत होते. ती खोती मोडण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. कागदावर दोन्ही पक्ष सारखे, व्यवहारात मात्र एक धनी आणि एक गरजवंत. ही गोम आजही तीच आहे.

नजरगहाण करारामुळे कंपनीचा वाहनावर हक्क निर्माण होतो, हे आम्ही नाकारत नाही. कर्ज फेडलेच पाहिजे. पण वसुलीसाठी गुंड पाठवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश कौर खटल्यात २००७ साली बजावले. पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारा कायद्याने ग्राहकच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो राहत्या जिल्ह्यातच दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो.

खरी मेख पुढे आहे. याच कायद्याने 'अन्यायकारक करार' ही संकल्पना आणली. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवणे, मुदतीपूर्वी कर्ज फेडू न देणे, चुकीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणे, हे सारे त्यात येते. परंतु अशी अट रद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलाच नाही. तो राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडे ठेवला. म्हणजे हेदवीच्या माणसाने तवसाळची फेरीबोट धरून रत्नागिरी गाठायची आणि रिक्षा ओढून नेल्याची दाद मागायची. ज्या अटीच्या जोरावर ती नेली, त्या अटीविरुद्ध मात्र राज्य आयोगापुढे नवे प्रकरण! रोजावर पोट असलेला माणूस दोन-दोन लढाया कशा लढणार?

हा अधिकार जिल्हा आयोगाला मिळालाच पाहिजे. ही मागणी चळवळीने हाती घ्यावी. तोवर प्रत्येक कर्जदाराने कराराची प्रत मागून घ्यावी. ती देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बंधनकारक आहे. शिकलेल्या पोरांनी रविवारी विहारात बसून ती मोठ्याने वाचून दाखवावी, आणि तीही सही होण्यापूर्वी.