उभे राहण्याचा पहिला पाठ

वसतिगृहाच्या दाराशी मुलांनी काढून ठेवलेल्या चपला एकदा उलटून पाहाव्यात. कोणाची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली, तर कोणाची एकच चप्पल अधिक झिजलेली दिसते. मूल कसे उभे राहते, याची ती नोंदच होय. पुण्यात दीर्घकाळ योगाचे अध्यापन केलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनीही या झिजेकडे लक्ष वेधले आहे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथात आसनांचा आरंभ ताडासनाने होतो.

२१ जूनच्या योगदिनी मात्र आपण अवघड आसनांना टाळ्या देतो आणि ताडासन ‘नुसते उभे राहणे’ म्हणून उरकतो. जेऊरच्या आपल्या निवासी शाळेने हा क्रम बदलावा, असे माझे नम्र मत आहे.

काही ठिकाणी हात वर करून टाचा उचलण्यास ताडासन म्हणतात. अय्यंगार पद्धतीत तळवे जमिनीवरच असतात. दोन्ही पावलांचे अंगठे व टाचा जुळवाव्यात. भार टाचा आणि चवडे यांवर सारखा असावा. गुडघ्याच्या वाट्या वर ओढाव्यात, पण गुडघे मागे ढकलू नयेत. पोट पुढे काढू नये. छाती उचललेली, खांदे मागे व खाली, हात मांड्यांलगत, मान सरळ आणि नजर समोर असावी. श्वास रोखू नये. अर्धा ते एक मिनिट पुरे.

योगासन म्हणजे बुद्धवचन नव्हे, हे खरे. तथापि सतिपट्ठान सुत्तात चालणे, बसणे, झोपणे यांबरोबरच उभे असतानाही सजग राहण्यास सांगितले आहे. आणखी एक कारण आपल्या इतिहासात आहे. आपल्या पूर्वजांना चावडीपुढे वाकून उभे राहावे लागे. बाबासाहेबांनी ती मान ताठ केली. तरीही फळ्यासमोर बोलावताच एखादे मूल आजही खांदे आवळते, नजर जमिनीला लावते. ‘नीट उभा राहा’ असे दरडावल्याने ते अधिकच आवळते.

म्हणून रोज त्रिशरण-पंचशीलानंतर एक मिनिट ताडासनासाठी राखावे. शिक्षकांनीही मुलांच्या रांगेतच उभे राहावे आणि आधी स्वतःची पावले तपासावीत.